निराशेचा जाब

चित्रपट आवडलेला माणूस बोलताना थोडा अडखळतो. काय आवडले ते त्याला नेमके सांगता येत नाही. एखादा चेहरा, एखादा विराम, पडद्यावर पडलेला एखादा पाऊस त्याच्या मनात रेंगाळत असतो आणि त्याला शब्द देताना तो संकोचतो. निराश झालेल्या प्रेक्षकाची जीभ मात्र मोकळी असते. ‘काही दम नाही’, ‘पैसे फुकट गेले’, ‘शेवट तर काहीच नाही’ अशी दोन-चार वाक्ये त्याच्या ओठांवर तयारच असतात आणि ती ऐकणारा कधी प्रतिप्रश्न करीत नाही. आनंदाला आपण पुरावा मागतो. निराशेला कोणी मागत नाही. जणू ती स्वतःच स्वतःचा पुरावा आहे.

निराश होणे ही कृती नव्हे, ती घडणारी गोष्ट आहे. तिच्याबद्दल कोणाला बोल लावता येणार नाही. परंतु मत देणे ही कृती आहे. आणि जी जी कृती, तिला नीती असलीच पाहिजे. मग न आवडलेल्या चित्रपटावर मत देताना आपल्यावर काही जबाबदारी असते काय? कोणी म्हणेल, चित्रपटासारख्या करमणुकीच्या वस्तूसाठी नीतीला कशाला शिणवता? पण माणसाच्या न्यायबुद्धीची परीक्षा मोठ्या प्रसंगी होते हे म्हणणे मला पुरतेसे पटत नाही. मोठ्या प्रसंगी चार लोक पाहत असतात. जेथे कोणी पाहत नाही, निकाल चुकला तरी आपले काही बिघडत नाही आणि आरोपी समोर उभा राहून बोलू शकत नाही, तेथे आपण कसे वागतो यावर ती बुद्धी खरी ओळखावी. घरात बसून पाहिलेला चित्रपट हे असे ठिकाण आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात चित्रपट घरात शिरला तो १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतरच्या काळात. त्या स्पर्धांच्या सुमारास देशात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या पाठोपाठ व्हीसीआर आला. विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. म्हणून गल्लीने वर्गणी काढायची, शहरातल्या दुकानातून टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने आणायचा, आणि अंगणात सतरंज्या अंथरून एका रात्रीत तीन-तीन चित्रपट संपवायचे, असा रिवाज पडला. भाडे रात्रीचे असे. तेव्हा जितके चित्रपट अधिक, तितका सौदा स्वस्त. पहिला चित्रपट सर्वजण डोळे भरून पाहत. दुसऱ्याच्या वेळी मुले आडवी होत. तिसरा पहाटे लागे. कॅसेट घासून घासून झिजलेली असे, पडद्यावर पांढऱ्या रेघा धावत, मधूनच लाइन जाई; जागे असत ते केवळ वर्गणी वसूल करण्यासाठी. सकाळी नळावर आणि पानठेल्यावर निकाल जाहीर होई. त्या निकालांत एक नियम मला कायम दिसला: तिसऱ्या चित्रपटाला कधी न्याय मिळाला नाही. ‘काई मजा नाई आली गा त्याच्यात,’ असे जो सांगे, तो आपल्या झोपेचे वर्णन करीत असे. ऐकणाऱ्याला वाटे की तो चित्रपटाचे करतो आहे.

दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. प्रयोगच असंभाव्य असणे किंवा त्यात स्पष्टता नसणे अशी काही विघ्ने नाटकाकडून येतात. पण काही प्रेक्षक आपल्याबरोबर घेऊन येतो. त्यांतले एक म्हणजे स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून गेलेले मन. घरी आजारी मूल टाकून आलेला माणूस समोरच्या नायकाच्या विरहाने कसा द्रवेल? या विघ्नावर अभिनवगुप्ताने उपाय सांगितला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. तो प्रेक्षकाला उपदेश करीत बसत नाही. गाणे-बजावणे, सजवलेला मंडप यांची योजना याचसाठी आहे, असे तो म्हणतो. प्रेक्षकाला त्याच्या संसारातून तेवढ्यापुरते उचलून घेणे हे काम रंगमंडपाचे आहे.

आपले चित्रपटगृह हेच काम करीत असे. तिकिटाची रांग, अंधार, भोवतीच्या शेकडो माणसांचा एकदम रोखलेला श्वास, यांनी माणूस घरापासून तुटत असे. घरी पाहताना हा मंडपच नाहीसा झाला. दूधवाला दार वाजवतो, कुकरची शिटी होते, फोन येतो. आणि आता तर चित्रपट खिशात आला आहे. अंगठ्याच्या एका स्पर्शाने दहा सेकंद पुढे ढकलता येतात, न आवडलेले गाणे टाकून देता येते. चित्रपटगृहात प्रेक्षक हा पाहुणा होता; घरात तो मालक झाला. मालकाच्या हाती सत्ता आहे, मात्र मंडपाने जे विघ्न दूर केले असते ते दूर करण्याचे कामही आता त्याच्यावरच पडले आहे. सत्ता आपण आनंदाने घेतली. कामाचा विसर पडला. वादीचे म्हणणे अर्धे ऐकून चहाला उठलेला न्यायाधीश परत येऊन निकाल देऊ लागला, तर त्याला आपण काय म्हणू?

यावरून प्रेक्षकाने मुकाट बसावे असा अर्थ कोणी काढील तर तो विपरीत होईल. वाईट चित्रपट असतात, पुष्कळ असतात. मजुरीतले पैसे वर्गणीत घालणाऱ्या माणसाला ‘फसवणूक झाली’ असे म्हणण्याचा पुरा अधिकार होता. वाईटाला चांगले म्हणणे ही उदारता नव्हे, तो चांगल्यावर केलेला अन्याय आहे. आणि अपेक्षा प्रेक्षकाच्या मनात आपोआप उगवत नाही. जाहिरात करणाऱ्यांनी ती पेरलेली असते. गर्जना विकून कुजबुज हाती दिली तर गिऱ्हाईक तक्रार करणारच. माझे म्हणणे एवढेच की निराशा हा दोन बाजूंचा व्यवहार आहे. एका बाजूला मिळालेली वस्तू, दुसऱ्या बाजूला मागितलेली वस्तू. आपण पहिलीची झडती घेतो. दुसरीला कोणी हात लावत नाही.

या बाबतीत आमच्या जिल्ह्याला एक विलक्षण अनुभव आला. पांढरकवडा आणि राळेगाव या भागांत सुमारे दोन वर्षे एका वाघिणीची दहशत होती. वनखात्याच्या कागदोपत्री ती टी-१. शहरांतल्या प्राणिमित्रांनी तिचे नाव अवनी ठेवले. तेरा माणसांच्या मृत्यूचा दोष तिच्यावर ठेवला गेला. तिला पकडण्यासाठी हत्ती आणले, सापळे लावले, परदेशी अत्तराचा वाससुद्धा आमिष म्हणून वापरला गेला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. मागे सुमारे दहा महिन्यांचे दोन बछडे राहिले. पाच दिवसांवर दिवाळी होती. गावांनी फटाके फोडले आणि दूरच्या शहरांतून निषेध झाले. दोन्ही ठिकाणी माणसेच होती आणि दोन्ही ठिकाणच्या भावना खऱ्या होत्या.

पुढे जून २०२१ मध्ये अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ हा चित्रपट आला. महामारीचे दिवस होते, चित्रपटगृहांना कुलपे होती. तो थेट घराघरांतल्या पडद्यांवर आला. कथा काल्पनिक, चित्रण मध्य प्रदेशातले; तथापि ती कशावरून सुचली हे पांढरकवड्याच्या माणसाला कोणी सांगावे लागले नाही. विद्या बालन यांनी त्यात एका वनाधिकारी स्त्रीची भूमिका केली आहे. ती वाघिणीला वाचवू पाहते, आणि वाचवू शकत नाही. शिकारी जिंकतो, वरिष्ठ मान फिरवतात, तिची बदली होते आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात चित्रपट संपतो.

पुष्कळांची निराशा झाली. मी ऐकलेली मते साधारण दोन जातींची होती. पहिल्या जातीचे मत असे: चित्रपट संथ आहे, वाघीण फारशी दिसतच नाही, नायिका शेवटपर्यंत काही करीत नाही, आणि शेवट तर नाहीच. दुसरे मत मला त्याच भागातल्या एका शेतकऱ्याने सांगितले. तो म्हणाला, ‘वाघीण दिसली, साहेब दिसले, पण दिवस बुडता वावरात एकट्यानं उभं राह्यलं म्हणजे पोटात कसं होते, थे नाई दिसलं.’

दोघेही निराश. पण या दोन निराशा एका तागडीत घालता येतील काय? शेतकऱ्याला आपल्याला काय हवे होते हे ठाऊक आहे, आणि ते हवे असण्याचे कारणही तो देऊ शकतो. कापूस वेचणीला आला असताना दिवसाउजेडी टोळी करून शेतात जावे लागले, रात्रीची जागल बंद पडली, हे त्याने भोगलेले आहे. त्याच्याशी वाद घालता येतो. ही कथा भीतीची नाही, कचेरीची आहे. कथाकाराला आपला कोन निवडण्याचा अधिकार आहे, असे कोणी त्याला म्हणू शकेल. त्यावर तोही उत्तर देईल. ज्या मताशी वाद घालता येतो ते मत जिवंत असते.

पहिल्या मताला मात्र विचारावेसे वाटते: बाबा रे, तुला कोणता शेवट हवा होता? वाघीण वाचायला हवी होती? बोराटीची वाघीण वाचली नव्हती. नायिकेने गर्जना करून वरिष्ठांना लोळवायला हवे होते? सरकारी नोकरीत अशी गर्जना करणारे किती अधिकारी आपण पाहिले? तुला कोणीतरी आपल्या वतीने जिंकायला हवे होते, म्हणजे खुर्चीतून उठताना तुझे मन हलके झाले असते. ते हलके झाले नाही, आणि त्या जडपणाला तू चित्रपटाचा दोष म्हणालास. तो जडपणा हीच कदाचित चित्रपटाने तुझ्या हाती दिलेली वस्तू असेल.

येथे एक सावधगिरी हवी. ‘मी निराशेवरच चित्रपट काढला’ ही ढाल पुढे करून कोणताही कंटाळवाणा दिग्दर्शक निसटू शकेल. म्हणून मी एक साधी कसोटी लावतो. चित्रपट संपल्यावर माझी निराशा कोठे जाते ते पाहावे. चित्रपट फसला असेल तर ती त्याच्यापाशीच थांबते. वाया गेलेली वेळ आठवते आणि आपण दुसऱ्या कामाला लागतो. पण ती चित्रपट ओलांडून बाहेर पडली, काचेमागचा पेंढ्याचा वाघ पाहून आपल्याच जंगलाची, आपल्याच कचेऱ्यांची आठवण सलू लागली, तर दोष पडद्याचा नव्हता. त्याने फक्त बोट दाखवले.

घरातल्या प्रेक्षकाला एक मोठी सोयही मिळाली आहे, ती नमूद केली पाहिजे. १९५९ साली गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ कोसळला. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्याने आपले नाव कोणत्याही चित्रपटाला दिले नाही आणि १९६४ मध्ये तो गेला. ज्यांनी पुढे त्या चित्रपटाला डोक्यावर घेतले त्यांचे शब्द त्याच्या कानी पडायचे राहिले. १९९४ चा ‘अंदाज अपना अपना’ तिकीटबारीवर चालला नाही. पण कॅसेटवर आणि केबलवर पुन्हा पुन्हा पाहून लोकांनी तो आपलासा केला, इतका की त्यातले संवाद घरोघर म्हणीसारखे वापरले जाऊ लागले. चित्रपटगृहाचा निकाल आठवड्यात लागतो आणि खेळ उतरतो. घराचे न्यायालय कधी उठत नाही. तेथे अपिलाला वरचे कोर्ट लागत नाही. ज्याने शिक्षा दिली तोच दहा वर्षांनी खटला पुन्हा उघडू शकतो. घरच्या पडद्याने आपल्याला घाई शिकवली हे खरे, पण फेरविचाराची सवडही त्यानेच दिली.

आमच्याकडे मृगात पेरलेले उगवले नाही तर शेतकरी तिफणीला किंवा दुकानदाराला लगेच शिव्या देत नाही. आधी तो तासावर उकिडवा बसतो, बोटाने माती उकरतो आणि बी शोधून तळहातावर घेतो. बी कुजले असेल तर पाणी जास्त झाले. कोरडेच असेल तर ओल कमी पडली, आपण घाई केली. मुळातच पोकळ असेल तर बियाणे खोटे, मग दुकानदाराची गाठ घ्यायची. दुबार पेरणीचे संकट डोक्यावर असतानाही तो हा तपास करतो, कारण कारण कळल्याशिवाय पुढची पेरणी करता येत नाही. त्याच्या निराशेत क्रोध असतो, दुःख असते, पण आळस नसतो.

माणसे माणसांबद्दल निराश होतात तेव्हाही हा तपास बहुधा राहून जातो. मुलगा, मित्र, सहधर्मिणी, पुढारी यांच्याविषयी ‘निराशा झाली’ असे आपण म्हणतो, आणि आपण त्यांच्याकडे मागितले काय होते, ते मागण्याजोगे होते काय, हे न पाहताच निकालावर सही करतो. चित्रपटाला या निकालाने फारसे दुखत नाही. माणसाला दुखते. म्हणून ही सवय चित्रपटावर जडवून घ्यावी असे मला वाटते: ‘आवडला नाही’ हे मोकळेपणाने म्हणावे, आणि त्याच श्वासात, कोणी विचारले नसले तरी, मला काय हवे होते तेही सांगून टाकावे. हे दुसरे वाक्य उच्चारताना पुष्कळदा पहिले आपोआप सौम्य होते. कधी ते अधिक कठोर होते. पण तेव्हा त्या कठोरपणाला आधार असतो, आणि ऐकणाऱ्याने त्याचा आदर करावा असे त्यात काही असते.