तड्याचं टोक

गावाचं नाव विसरवाडी असलं, तरी तिथं घालवलेले सहा तास मी अजून विसरलेलो नाही. (हा विनोद मी आधीच उरकून टाकला. त्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस तो एकदा करतो आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं समजतो.)

गोष्ट १९८३ ची. माझी बदली नवापूरहून धुळ्याला झाली होती. तेव्हा तो सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबारचा वेगळा जिल्हा झाला १९९८ साली. बायको-मुलांना मी एस.टी.त बसवून दिलं आणि स्वतः 'सामानावर लक्ष ठेवायला' म्हणून ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. खरं कारण एका तिकिटाचे पैसे वाचवणं हे होतं. पण संसारी माणसाच्या काटकसरीला नेहमी एखादं कर्तव्याचं नाव लागतं.

विसरवाडी जवळ आली तसा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, स्टेरिंग उशिरा ऐकतंय."

आमच्या घरात सगळेच उशिरा ऐकतात, त्यामुळं मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण पुढं कोंडाईबारीचा घाट होता. त्यानं गाडी रस्त्याकडेच्या एका गॅरेजपुढं उभी केली. गॅरेज म्हणजे चार बांबू, वर पत्रा आणि खाली मिस्त्री.

मिस्त्री गाडीखाली सरकला आणि आतून ओरडला, "स्टेरिंग डावी-उजवी मार!" ड्रायव्हरनं चाक फिरवलं. मिस्त्रीनं मलाही वाकून बघायला लावलं. उजव्या बाजूच्या चासीवर, स्टेरिंगचा बॉक्स जिथं बोल्टांनी आवळलेला असतो, तिथं एक काळी रेघ होती. चाक डावीकडं गेलं की ती उघडायची, उजवीकडं आलं की मिटायची. ट्रक काहीतरी सांगत होता आणि आम्ही शंभर फुटांवरूनही ऐकलं नव्हतं.

"इथंच का?" मी विचारलं.

"सगळं वजन मागं लादता, पण चाक वळवायचा जोर येतो इथं," मिस्त्री म्हणाला. "प्रत्येक वळणाला बॉक्स चासीला ढकलतो. त्यात बोल्ट ढिला पडला, की भोकाच्या कडेपासून सुरुवात." लोखंड एका धक्क्यानं मोडत नाही, लाखभर लहान धक्क्यांनी थकून मोडतं, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. १९५४ साली कॉमेट जातीची दोन जेट विमानं आकाशात फुटून भूमध्य समुद्रात पडली, ती अशाच थकव्यानं. तिथं शोधायला शास्त्रज्ञ बसले होते. इथं एक मिस्त्री तारेच्या ब्रशानं काळा रंग खरवडत होता.

रंग निघाला आणि खाली जुन्या वेल्डिंगची ओबडधोबड रेघ दिसली. म्हणजे हा तडा नवा नव्हता. कुणीतरी तो वरवर शिवला होता, वर डांबरासारखा काळा रंग फासला होता आणि ट्रक विकून टाकला होता. ड्रायव्हरच्या मालकानं तो तीन महिन्यांपूर्वी घेतला होता.

"ह्याला म्हणतात पाप," मिस्त्री म्हणाला आणि बिडी पेटवली.

मग त्यानं जे केलं ते मी एखाद्या शस्त्रक्रियेसारखं पाहिलं. बॅटरीच्या तारा सोडल्या, बॉक्स उतरवला, जुनं वेल्डिंग घासून काढलं. तडा जिथं संपतो ते टोक रॉकेल लावून शोधलं आणि नेमक्या त्या टोकाला ड्रिलनं एक गोल भोक पाडलं. फाटलेल्याला आणखी भोक! पण टोकाशी सगळा ताण एका बिंदूवर येतो. तिथं गोलाई दिली, की तो पसरतो आणि तडा पुढं सरकायचं विसरतो. मग भेगेला खाच करून वेल्डिंग तळापर्यंत भरलं, ते घासून सपाट केलं आणि वरून जाड पट्टी बसवली. पट्टीची टोकं त्यानं तिरकी कापली होती. सरळ कापली असती, तर तड्यानं तिच्या कडेला नवीन संसार थाटला असता. मध्ये दोनदा वीज गेली, त्याचे दोन तास.

शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "काळा रंग मारून द्या. मालक गाडी काढायचं म्हणतोय."

मिस्त्रीनं लाल प्रायमरचा डबा घेतला. "हा मारतो. गंज धरणार नाही, आणि पुन्हा तडा गेला तर लांबून दिसेल."

"गिऱ्हाइकालाही दिसेल की!"

"दिसू दे. पट्टी लावलीय, चोरी केलेली नाही."

इथपर्यंत मी मजेत होतो. प्रश्न ट्रकवाल्यांचा होता. गिऱ्हाइकानं विचारलं नाही, तर आपण होऊन सांगायचं का? 'विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही' ही आपल्या मध्यमवर्गाची घटना आहे. तिच्या जोरावर निम्मी लग्नं जमतात. खुद्द धर्मराजानंही 'नरो वा कुंजरो वा' करून पाहिलं. त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्याच क्षणी खाली टेकला. चासीतच काही झालं असणार. तरी मला वाटतं, प्रत्येक सांधा गावभर सांगत सुटायची गरज नाही. फुलदाणीचा कान सरसानं चिकटवलेला असेल, तर ते आपल्यात आणि फुलदाणीत राहावं. पण ज्या वस्तूवर दुसरा माणूस विश्वासानं आपलं वजन टाकणार, तिच्याबद्दल गप्प बसणं म्हणजे काळा रंगच.

आणि इथं मला आठवली सायकल.

निघायच्या आदल्या दिवशी मी माझी सायकल शेजारच्या अण्णांना ऐंशी रुपयांना विकली होती. तिचा पुढचा चिमटा वर्षापूर्वी तुटला होता. मी तो झाळून घेतला होता आणि वर हिरवा रंग लावला होता. अण्णांनी विचारलं नव्हतं. सायकल त्यांचा धाकटा शाळेला नेणार होता. उतारावरून, दोन्ही हात सोडून. ते मी स्वतः पाहिलेलं होतं.

आठ वाजले होते. पोस्ट बंद. सामानात पोस्टकार्ड होतं, पण ते कुठल्या ट्रंकेत ते बायकोलाच ठाऊक. मिस्त्रीकडचं एक कार्ड मागून घेतलं आणि बल्बखाली लिहिलं : "चिमटा झाळलेला आहे. मुलाला बसू देऊ नका. पैसे परत पाठवतो." कार्डाला ग्रीसचा अंगठा लागला. घाट उतरेपर्यंत मी ड्रायव्हरपेक्षा जास्त घामाघूम झालो होतो. ट्रकची काळजी नव्हती.

आठवड्यानं अण्णांचं उत्तर आलं. "आपले कार्ड मिळाले. चिमटा लगेच बदलून घेतला, बाळ्या सुखरूप. आपला मोकळेपणा पाहून मलाही राहवले नाही. निघताना मी आपणांस भेट दिलेला स्टोव्ह. त्याच्या टाकीला तळाशी डाख आहे. पंप बेताने मारावा."

मी पत्र टाकून स्वयंपाकघराकडं धावलो. बायको स्टोव्हपुढं उकिडवी बसून जोरजोरात पंप मारत होती.