उणी मात्रा

फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या येथील एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, "औषधाची पूर्ण मात्रा परवडत नाही; थोडी घेतली तर ती स्वतःची फसवणूक होईल काय?" रायपुराहून मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरणाऱ्या अनेक कुटुंबांपुढे हा प्रश्न उभा असतो. आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही.

फुप्फुसातील गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता पुष्कळदा तिच्या आत रोग्याच्याच टी-पेशी शिरलेल्या आढळतात. पहारेकरी पोचलेले असतात, पण हतबल. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाची एक कळ असते. ती दाबून गाठ त्यांना निष्क्रिय करते. ही कळ मुळात अनिष्ट नव्हे. ती नसती तर याच पेशी निरोगी अवयवांवर उलटत्या. म्हणूनच ती झाकणाऱ्या निव्होलुमॅबने क्वचित फुप्फुसासच दाह होतो. कळीचे संशोधक होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळाले. गाठीतून या पेशी काढून, बाहेर वाढवून, परत देण्याचा रोझेनबर्ग यांचा मार्ग अमेरिकेत २०२४ साली संमत झाला. परंतु त्वचेच्या कर्करोगापुरता.

औषध कार्य करते ते पेशींवरील कळा झाकून. त्या एकदा झाकल्या गेल्या की अधिक ओतून फारसे साधत नाही. हा विचार धरून टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या कर्करोगात दर तीन आठवड्यांस केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे रूढ मात्रेच्या सुमारे सहा टक्के, औषध नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने दिले. वर्षअखेर हयात राहिलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले.

यावर आक्षेप असा की, तुलना पूर्ण मात्रेशी झालीच नाही. गरिबास उणे देऊन त्यालाच शास्त्र म्हणावयाचे काय? आक्षेप खोटा नाही. पण ज्याच्या वाट्यास पूर्ण मात्रा कधीच येणार नव्हती, त्यास परिपूर्णतेच्या आग्रहापायी रिक्तहस्त धाडणे आम्हांस अधिक निष्ठुर वाटते. फसवणूक मात्रेत नसते, ती न सांगण्यात असते. मात्र उण्या मात्रेचे समाधान औषधाच्या भरमसाट किमतीस मूक संमती ठरू नये, ही धास्ती आमच्या मनातून जात नाही.

त्या गृहस्थांस आम्ही इतकेच म्हटले की, हा पुरावा फुप्फुसाचा नव्हे; तेव्हा आपल्या गाठीबाबत काय ठाऊक आहे व काय नाही, हे डॉक्टरांस स्पष्ट विचारावे. त्यांनी दोन्ही प्रश्न वहीत उतरवून घेतले आणि परवाच्या गीतांजलीने ते मुंबईस गेले.