जबाब कोणाला द्यायचा?



डिसेंबर २०२५ मध्ये एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातला एक तरुण मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. पुण्याला नोकरी करतो, सुट्टीला घरी आला होता. मोबाईलवर मुंबईची बातमी होती. इटली आणि भारत यांच्या उद्योजकांची परिषद भरली होती आणि तिच्या निमित्ताने ११ डिसेंबर रोजी इटलीच्या वकिलातीत एक करार झाला होता. एका बाजूला मिलान शहरातली 'प्राडा' ही बडी कंपनी, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचे आणि कर्नाटकाचे चर्मोद्योग महामंडळ. करार कशाचा, तर कोल्हापुरी चपलेचा!

"फादर, आपली चप्पल जगात निघाली," तो म्हणाला. मी म्हटले, "बाबा रे, ती आधी न विचारताच जाऊन आली, म्हणून तर हा करार झाला."

झाले होते ते असे. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाचा फॅशन शो झाला. त्यात पुरुषांच्या पायांत जे घातले होते ते आपल्याकडच्या शाळकरी पोरानेही ओळखले असते. अंगठा तोच, पट्टा तोच, वेणीही तीच. कंपनीच्या माहितीत मात्र 'चामड्याची सँडल' एवढेच शब्द होते. कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. इकडे गदारोळ झाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले. कंपनीने लेखी उत्तर दिले की होय, या चपलांची प्रेरणा भारतातल्या पारंपरिक हस्तकलेची आहे. जुलैमध्ये कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. आणि डिसेंबरात करार. इथल्या कारागिरांकडून २,००० जोड बनवून घ्यायचे, त्यांना प्रशिक्षण द्यायचे, आणि जोडाची किंमत जवळपास ८०० युरो, म्हणजे आपले ८०,००० रुपयांच्या आसपास, असे जाहीर झाले.

तरुणाचा प्रश्न सरळ होता आणि तो मला अजून सोडत नाही. तो म्हणाला, "फादर, यात नुकसान कोणाचे झाले? बोंबाबोंब झाली म्हणून चपलेचे नाव जगभर झाले, गिऱ्हाईक वाढले. मग चूक काय?"

मोठमोठ्या परिषदांत आजकाल 'जबाबदार व्यवसाय' हा शब्द फार ऐकू येतो. ऐकायला गोड आहे. पण थोडा उकलून पाहू या. जबाब म्हणजे उत्तर. जबाबदार म्हणजे ज्याने उत्तर द्यायचे तो. याचा अर्थ, आधी कोणीतरी प्रश्न विचारलेला असला पाहिजे! पवित्र शास्त्रात देव काइनाला त्याच्या भावाविषयी विचारतो, आणि काइन उलटून म्हणतो की मी काय त्याचा राखणदार आहे? माणसाची जबाबदारी तिथे सुरू होते, भाऊ कुठे आहे या प्रश्नाने. आपल्या मनाच्या चांगुलपणाने ती सुरू होत नाही. मिलानच्या कंपनीला जबाबदारीची आठवण आपोआप झाली नाही. कोल्हापूरने विचारले, म्हणून तिला उत्तर द्यावे लागले.

नेसरीकरांना तर जबाब म्हणजे काय हे सांगायलाच नको. उमराणीला हाती आलेल्या बहलोलखानाला का सोडले, असा महाराजांनी प्रश्न केला, आणि प्रतापराव गुजरांनी त्याचा जबाब २४ फेब्रुवारी १६७४ रोजी आपल्या खिंडीत दिला. (त्यांच्याबरोबर सहा जण होते. त्या सहांची नावे आपल्यापैकी किती जणांना येतात, हा वेगळा प्रश्न. की वेगळा नाहीच?)

पण प्रश्न विचारायचा कोणी? याच प्रकरणात काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. त्या मानांकनाचे नोंदणीकृत मालक म्हणजे ही दोन महामंडळे. तक्रार असेल तर मालकांनी यावे, असे न्यायालयाचे म्हणणे. कायद्याने ते बरोबरच आहे. पण वादी ओढून ओढून ज्याच्या बोटांना घट्टे पडले त्याचे नाव ना याचिकेत होते ना मानांकनाच्या दाखल्यावर. घरात बसून पट्ट्याची वेणी विणणाऱ्या त्याच्या बायकोचे तर नाहीच नाही.

आता तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. समजा, आपल्या एखाद्या जुन्या धर्मशिक्षकाने भक्तिगीताला चाल लावली. ती दुसऱ्याच्या नावाने छापली गेली आणि गावोगावी गाजली. त्या धर्मशिक्षकाचा एक रुपयाही बुडाला नाही. उलट त्याची चाल चार ठिकाणी जास्त गायली गेली. म्हणून त्याच्यावर अन्याय झाला नाही असे आपण म्हणू का? न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे. नफा-तोट्याचा हिशेब त्याच्यानंतर येतो. अन्यायातून पुढे काही भले झाले तर त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. अन्याय करणाऱ्याने मात्र त्याचे श्रेय घेऊ नये.

किमतीचा प्रश्न याहून अवघड आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे खरेदी-विक्रीवरचे विवेचन वाचले होते. तेव्हा ते परीक्षेपुरते वाटले. संत थॉमस विचारतात, वस्तू तिच्या मोलापेक्षा जास्त दराने विकणे योग्य आहे का? समजा, घेणाऱ्याला ती फार निकडीची आहे, आणि देणाऱ्याचे मात्र ती दिल्याने खास काही अडत नाही. अशा वेळी देणाऱ्याने दर वाढवू नये, असे ते सांगतात. का? तर निकड ही घेणाऱ्याची आहे. ती देणाऱ्याच्या मालकीची नाही, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. केवढी साधी गोष्ट! दुसऱ्याची गरज हा काही आपला माल नव्हे.

हे वाचून मिलानकडे बोट दाखवणे सोपे आहे. ज्या चपलेला आपण हजार-दोन हजार देतो तिचे ८०,००० होतात, तेव्हा त्यातले चामड्याचे किती, हाताचे किती आणि नुसत्या शिक्क्याचे किती, हे विचारले पाहिजेच. त्या कराराला याचे उत्तर द्यावे लागेल, आणि उत्तर परिषदेच्या मंचावर पुरेसे होत नाही. कारागिराच्या घरी पोचलेल्या पैशांत ते दिसावे लागते.

पण संत थॉमसचा नियम दोन्हीकडून कापतो, हे मला उशिरा कळले. गेल्या पावसाळ्याआधी मी बाजारात कापशी घाटाचा एक जोड घेतला. चपला बनवणाऱ्याने १,२०० सांगितले. दिवस मावळत आला होता, आभाळ भरून आले होते, त्याला आवरून गावी परतायचे होते. मी दोनदा उठून चालल्यासारखे केले आणि ९०० ला जोड घेतला. परत येताना मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. आता सांगा, ते ३०० रुपये मी कशाचे वाचवले? चामडे तेच होते, शिवण तीच होती. मी त्याची घाई आणि पावसाची भीती विकत घेतली, तीही फुकटात. प्राडाने त्याचे नाव घेतले नाही. मी तीन वर्षे त्याच्याकडून चपला सांधून घेत होतो, मलाही त्याचे नाव ठाऊक नव्हते.

त्याचे नाव न विचारण्यामागे आपल्याकडे एक जुनी सवय आहे, आणि ती कंपन्यांची नाही. कातडे कमावणाऱ्याला आणि चप्पल शिवणाऱ्याला आपण पिढ्यान्पिढ्या वेशीबाहेर ठेवले. त्याची चप्पल पायात घातली, त्याच्या हातचे पाणी नाही. धर्म बदलला म्हणून ही सवय आपोआप जात नाही. ख्रिस्ती घरांतही सोयरीक जुळवताना काय काय विचारले जाते, ते मी ऐकलेले आहे. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये मात्र एक छोटी गोष्ट आहे, जी वाचताना आपण भरकन पुढे जातो. संत पेत्र यापो शहरात मुक्कामाला होते ते शिमोन नावाच्या चांभाराच्या, म्हणजे कातडी कमावणाऱ्याच्या घरी. यहुदी लोकांत हा धंदा विटाळाचा मानला जाई. आणि कर्नेल्याला देवदूत पेत्राचा पत्ता सांगतो तेव्हा घरमालकाचे नाव, धंदा आणि घर समुद्राकाठी आहे हेसुद्धा सांगतो. स्वर्गात त्या चांभाराचा पूर्ण पत्ता ठाऊक होता.

मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, ते कामगारांच्या हक्कांवर १८९१ साली परिपत्रक काढणाऱ्या तेराव्या लिओंच्या आठवणीने. ते परिपत्रक कारखान्यांच्या काळातले. त्यातला रास्त मजुरीचा प्रश्न मात्र बाजारात पोते अंथरून बसलेल्या माणसालाही लागू आहे.

तरुण पुण्याला परत गेल्यावर मी बाजारात गेलो. तो तिथेच होता. चप्पल पुढे करून मी त्याला नाव विचारले. त्याने आरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. "का ओ फादर, काय चुकलं का? टाका निसटला?"

चुकले काही नाही, सहज विचारले, असे मी म्हणालो. त्याने नाव सांगितले, वडिलांचेही सांगितले. ३०० रुपये पुढे केले तर घेईना. "सौदा झाला त्या दिशी," म्हणाला. शेवटी माझ्या आईसाठी एक जोड बनवायला सांगितला, सांगेल त्या दराने. या पानावर तुमचे नाव छापू का, असे विचारले, तर हसून नको म्हणाला. आईच्या पावलाचे माप आणायला मात्र त्याने बजावून सांगितले आहे.