मुक्या जीवास दिलेले वचन

वचन देणारा आणि घेणारा असे दोघे असल्यावाचून वचन होत नाही, असे व्यवहार मानतो. मग घेणाऱ्यास शब्दच कळत नसतील तर ते वचन बांधते काय? प्रश्न तार्किकांच्या खेळासारखा वाटतो खरा. परंतु न्यूयॉर्कमधील एका तोतऱ्या मुलाच्या चरित्रात तो प्रत्यक्ष उभा राहिला आहे.

ॲलन रॅबिनोवित्झ यांचा जन्म १९५३ सालचा. बालपणी शब्द ओठांशी येऊन अडे आणि सर्वांग आचके देई. शाळेने त्यांना मंदबुद्धी मुलांच्या वर्गात बसविले. घरी पाळलेल्या लहान प्राण्यांशी मात्र हा मुलगा न अडखळता बोले. ब्रॉंक्सच्या प्राणिसंग्रहालयात जग्वार होता. जग्वार म्हणजे अमेरिका खंडातील, बिबट्यासारखा ठिपकेदार पण त्याहून थोराड असा श्वापद. त्याच्या पिंजऱ्याशी उभा राहून मुलगा कुजबुजत असे. तोतरे असणारे पुष्कळजण गाताना, एकांतात किंवा प्राण्यांशी बोलताना अडखळत नाहीत; यात चमत्कार काही नाही. प्राणी हसत नाही, उत्तराची घाई करीत नाही, दुसऱ्याचे वाक्य स्वतः पुरे करीत नाही. (हे शेवटचे सज्जन माणसेही करतात, आणि त्यानेच बोलणारा अधिक खचतो.) आपणास वाचा लाभली तर ती तुमच्यासाठी वेचीन, असे वचन त्या मुलाने प्राण्यांना दिले.

माणसास दिलेल्या वचनातून तो माणूस आपल्याला मोकळे करू शकतो. मुक्या जीवास तगादा लावता येत नाही, तशीच सूटही देता येत नाही. म्हणून असे वचन सैल नसून अधिक घट्ट असते.

पारध्यांनी पिटाळलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरला, ती लीळा प्रत्येक वासनिकास ठाऊक आहे. सशाने शब्दाने काही मागितले नव्हते, तरी त्याचे शरण येणे पुरे झाले. पारध्यांनी मागूनही स्वामींनी तो दिला नाही. ब्रॉंक्समध्ये मात्र उलट घडले. तेथे आश्रयास गेला तो मनुष्याचा मुलगा, आणि ज्याच्याकडे गेला तो स्वतःच कोंडलेला. अभय देणे हे परमेश्वराचे सामर्थ्य. बद्ध जीव दुसऱ्या बद्ध जीवास सोबत तेवढी देऊ शकतो. त्या मुलास सोबतीनेही पुष्कळ दिले.

पुढे उपचारांनी त्यांना बोलण्यावर ताबा मिळविता आला, आणि ते प्राणिशास्त्रज्ञ झाले. मध्य अमेरिकेतील बेलिझ देशात जग्वारांचा अभ्यास करताना शिकारीने त्यांचा नाश होतो आहे हे पाहून, त्या देशाच्या मंत्रिमंडळापुढे बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. ज्या वाचेची शाळेत थट्टा झाली तीच तेथे वेचली गेली. १९८४ साली कॉक्सकोम खोऱ्यात शिकारीस बंदी झाली, व १९८६ साली तेथे जग्वारांसाठी अभयारण्य झाले. २०१८ साली रॅबिनोवित्झ वारले.

एवढ्यावर थांबून भागत नाही. त्या खोऱ्यात माया जमातीची एक वस्ती होती. अभयारण्यासाठी ती उठवून बाहेर माया सेंटर या गावी न्यावी लागली. अहिंसेचे आचरण करणाऱ्यास हा हिशेब टाळता येत नाही. जग्वारास वचन मिळाले होते, त्या कुटुंबांस कोणी दिले नव्हते. शिवाय त्यांना वाचा होती, हरकत घेता येत होती. पुढे त्या गावातील कित्येकजण त्याच रानात रक्षक व वाटाडे झाले. यामुळे उठविलेल्या घरांचे ऋण काही अंशी फिटले असे म्हणता येईल. पूर्ण फिटले असे म्हणण्याचा अधिकार त्या घरांचाच आहे.