मूळपणाचा प्रश्न आणि वारशाचे घड्याळ

'मूळ' ही संज्ञा मराठी समीक्षाव्यवहारात इतक्या सैलपणे वापरली जाते की तिच्यामागे निदान तीन वेगळ्या कल्पना दडलेल्या असतात याचे भान सहसा राहत नाही. वस्तू निर्माण झाली त्या क्षणीची तिची अवस्था हे एक मूळ. ती वारसाच्या हाती आली तेव्हाची अवस्था हे दुसरे. आणि ज्या कार्यासाठी ती निर्माण झाली ते कार्य हे तिसरे. संहितेच्या संदर्भात या तिहींची गल्लत झाली तरी फारसे अडत नाही, कारण कागदावर पर्यायी पाठ शेजारी शेजारी नांदू शकतात. वापरातल्या यंत्राच्या बाबतीत मात्र एका मुळाची निवड म्हणजे दुसऱ्याचा नाश ठरू शकतो. म्हणूनच पाठचिकित्सेने आपल्यापुरता सोडवलेला हा प्रश्न एका जुन्या मनगटी घड्याळाच्या निमित्ताने पुन्हा तपासून पाहण्यासारखा आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढे औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पूर्वेस जालना रस्त्यावर चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली. शेतीच्या वेळेतून पाळीच्या वेळेत आलेली एक पिढी अशा वसाहतींनी घडवली. भोंगा कारखान्याचा होता, पण भोंग्याआधी फाटकाशी पोचण्याची जबाबदारी कामगाराची होती. त्याच्या मनगटावरचे घड्याळ ही हौस असली तरी निव्वळ चैन नव्हती. अशा एखाद्या कामगाराचे एचएमटी 'जनता' त्याच्या पश्चात मुलाकडे आले आहे अशी कल्पना करावी. तबकडी पिवळसर पडलेली, सहाच्या आकड्याजवळ ओलाव्याचा डाग, काच चरे पडून धुरकट, मागच्या झाकणावर कोरलेली आद्याक्षरे घामाने आणि घर्षणाने अर्धी पुसलेली. चावी दिली की ते दोनचार तास चालते आणि थांबते. मुलगा ते घड्याळजीकडे नेतो. भिंग डोळ्याला लावून घड्याळजी विचारतो, 'अगदी नवं करून देऊ का?' या साध्या प्रश्नात वर सांगितलेली तिन्ही मुळे एकमेकांवर आदळतात.

या घड्याळाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. रोज चावी द्यावी लागणारे १७ माणकांचे 'जनता' हे त्यांतले लोकप्रिय घड्याळ. त्याच्या काही तबकड्यांवर नाव देवनागरीत होते. पुढे क्वार्ट्झच्या लाटेत या घड्याळांची पीछेहाट झाली आणि २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे, कारण कारखाना चालू होता तोवर डागाळलेली तबकडी काढून नवी बसवणे ही केवळ दुरुस्ती होती, तिच्यात नैतिक प्रश्न कोणाला दिसत नव्हता. उगम आटल्यावरच 'अस्सल' हे मूल्य जन्माला आले. खुद्द त्या कामगाराने काच दोनदा बदलली असेल, पट्टे तर मोजले नसतील. आपले घड्याळ 'मूळ' आहे की नाही हा विचार त्याच्या मनाला शिवला नसणार. मूळपणाची चिंता ही मालकाची नव्हे, वारसाची चिंता आहे.

सुट्या भागांच्या बेरजेत वस्तूची ओळख शोधण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो, हे तत्त्वज्ञानाला फार पूर्वीच कळलेले आहे. 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात नागसेन राजाला विचारतो की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, आणि राजाला प्रत्येक वेळी नकारच द्यावा लागतो. (या राजाचे नाव बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरातल्या आपल्या महाविद्यालयाला दिले, ही गोष्ट येथे आठवणे अस्थानी होणार नाही.) ग्रीकांकडे हाच पेच थीसियसच्या जहाजाच्या रूपाने येतो: एकेक फळी बदलत गेलेले जहाज तेच राहते काय? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात एक खोचक भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचेच जहाज पुन्हा बांधले, तर खरे जहाज कोणते? हॉब्जचा हेतू पेच वाढवण्याचा होता, पण जपून ठेवलेल्या फळ्यांची त्याची कल्पना घड्याळाच्या बाबतीत अनपेक्षितपणे उपयोगी पडते.

काहीच न करणे हा या पेचावरचा सर्वांत निर्दोष मार्ग वाटतो. तो तसा नाही. घड्याळाच्या मशीनमधले तेल काही वर्षांत सुकते. सुकल्या तेलावर चालवलेले मशीन आपलीच दांड्यांची टोके झिजवत जाते. म्हणजे 'हात लावू नका' म्हणणारा वारस घड्याळ चालू ठेवत असेल, तर तो मूळ धातूच रोज थोडाथोडा खर्च करत असतो. न चालवता कपाटात ठेवले तर धातू वाचेल, पण न पाहणारा डोळा हा केवळ नावाने डोळा असतो, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे बंद घड्याळालाही लागू होते. तिसरे मूळ, म्हणजे कार्य, जपायचे असेल तर मशीन उघडणे, धुणे, तेल घालणे आणि गरज पडल्यास स्प्रिंग बदलणे अपरिहार्य आहे. सर्व्हिसिंग हे मूळपणाचे उल्लंघन नसून त्याची पूर्वअट आहे. प्रश्न उरतो तो तबकडीचा, झाकणाचा आणि पॉलिशचा, म्हणजे चालण्याशी ज्यांचा संबंध नाही अशा बदलांचा.

येथे पैठणकडे वळावे लागते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ रचनेला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती आणि पाठांतरामुळे ग्रंथात अपपाठ शिरले होते. एकनाथांनी आपण शोधन केल्याचे शकासह नोंदवले आणि पुढे कोणी स्वतःची ओवी घुसडू नये असा कडक इशाराही दिला. बदल झाला हे त्यांनी लपवले नाही. मात्र तो नेमका कोठे झाला हे प्रतीतून कळत नाही. १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली आणि वाद पेटला, त्याची मुळे या मौनात आहेत. याउलट भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सुकथनकरांनी घालून दिलेली शिस्त पाहावी. स्वीकारलेला पाठ वर, नाकारलेले पाठ तळाशी, आणि ज्या शब्दाबद्दल संपादकाला पुरती खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेषा. ती आवृत्ती व्यासांचे हस्ताक्षर सापडल्याचा दावा करत नाही. उपलब्ध पुराव्यांवरून जेथवर मागे जाता येते तेथवरच जाते. संपादकाचे कर्तृत्व त्याने काय निवडले यात जेवढे आहे, तेवढेच त्याने काय फेकून दिले नाही यात आहे.

घड्याळजीने बदललेली स्प्रिंग, जुनी चावी, चरे पडलेली काच कागदाच्या पुडीत बांधून परत दिली, तर ती पुडी म्हणजे घड्याळाची तळटीप ठरते. हॉब्जच्या फळ्या त्या याच. तबकडी पुन्हा रंगवणे मात्र वेगळ्या जातीचे काम आहे. त्यासाठी जुना रंग खरवडावा लागतो, आणि खरवडलेला रंग पुडीत बांधता येत नाही. नव्या तबकडीवर अक्षरांची जाडी बदलते, शिरोरेषा डळमळते, 'जनता'चा 'ज' कोण्या दुसऱ्याच हाताचा होतो, आणि तरीही ती तबकडी स्वतःला १९६० किंवा १९७० च्या दशकातली म्हणवते. झाकणाला पॉलिश केले की आद्याक्षरांची उरलेली अर्धी रेषाही जाते. दोष बदलात नाही. स्वतःची खूण पुसून टाकणारा आणि परतीची वाट न ठेवणारा बदल, हा खरा दोष आहे.

सद्‌हेतूने हा दोष टळत नाही, याचा पुरावा अजिंठ्याच्या भिंतींवर आहे. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांकडून तेथील चित्रांचे संवर्धन करून घेतले. सुटणारा रंगथर त्यांनी पुन्हा चिकटवला, हे काम मोलाचेच होते. पण वरून दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळा व काळसर पडला आणि पुढच्या पिढ्यांतल्या रसायनतज्ज्ञांना तो उतरवत बसावे लागले. तरी तो उतरवता आला, एवढे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे. खरवडलेल्या तबकडीला तीही सवलत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो सहज बाजूला सारता येत नाही. त्या कामगाराला डाग आवडत नव्हता. परवडले असते तर त्याने तबकडी नवी करून घेतली असती. मग जो डाग त्याला लाजिरवाणा वाटला, तो त्याच्या मुलाने 'काळाची खूण' म्हणून मिरवणे ही बापाविषयीची निष्ठा की सुस्थितीत आलेल्या पिढीची अभिरुची? गरिबाच्या झिजलेल्या वस्तूचे सौंदर्य बहुधा गरिबीतून बाहेर पडलेल्यालाच दिसते. या आक्षेपाला एवढेच उत्तर देता येते की बापाला आपल्या वस्तूवर जो अधिकार होता तो वापरण्याचा होता आणि तो त्याने पूर्णपणे वापरला. मुलाकडे आलेला अधिकार साक्षीदाराचा आहे, आणि साक्षीदाराने साक्ष सुधारून चालत नाही. हे उत्तर पुरते समाधानकारक नाही. निर्णयाला मात्र ते पुरते: मशीन धुवावे, काच बदलावी, तबकडी व झाकण जसे आहे तसे ठेवावे.

जुन्या घड्याळाचे झाकण उघडले की आतल्या बाजूस पुष्कळदा बारीक ओरखडे दिसतात. एखादी तारीख, एखादा आकडा, ज्याचा अर्थ फक्त लिहिणाऱ्याला कळेल अशी एखादी खूण. त्या पूर्वीच्या घड्याळजींनी दुरुस्तीच्या वेळी टोकदार हत्याराने केलेल्या नोंदी असतात. हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक जी पुष्पिका लिहितो, तिचेच हे भावंड आहे. घालणाऱ्याला त्या कधीच दिसत नाहीत. संग्राहकांच्या बाजारात बाहेरच्या चकाकीला जेवढा भाव आहे तेवढा या नोंदींना नाही, पण घड्याळ कितीदा थांबले आणि कितीदा कोणी ते पुन्हा चालू केले, हे सांगणारा तेवढाच लेखी पुरावा त्यात असतो.

अडचण वेगळ्याच ठिकाणी उभी राहते. कारखाना बंद असल्यामुळे 'जनता'ला तिच्याच घडणीचा सुटा भाग हवा असेल तर तो बहुधा दुसऱ्या 'जनता'तून काढावा लागतो. घड्याळजीच्या डब्यात मशीन उघडी पडलेली पाचसात घड्याळे असतात आणि गरजेप्रमाणे त्यांतले चाक किंवा दांडी काढून घेतली जाते. अस्सल भागाचा आग्रह जितका कडक, तितकी ही मोडतोड अधिक. परक्या बनावटीचा भाग चालवून घेणारा वारस या बाबतीत कमी हिंसक ठरतो. त्या डब्यातल्या घड्याळांच्या झाकणांवरही कोणाची तरी आद्याक्षरे असतात. त्यांचा वारस दुकानात आलेला नसतो, एवढाच फरक.