वैजनाथा, मोल मागायची जीभ दे

परळीच्या वैजनाथा, आज दुखणं घेऊन आले नाही. पाऊस, लेकीचं लग्न, नवऱ्याची दारू, सगळं माझं मागून झालंय. त्यातलं काही तू ऐकलंस, काही कानाआड केलंस. आजचं मागणं निराळं आहे. काम झाल्यावर समोरच्या माणसाकडं त्याचे पैसे मागता यावेत, एवढी जीभ मला दे.

हसू नकोस. पंचेचाळिशीला आलेल्या बाईला एवढंही जमू नये का, असं तुला वाटेल. पण अन्नपूर्णेच्या दारात हात पसरताना पहिल्यांदा तुझीही मान खाली गेलीच असेल की.

आमच्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात पैसे मागायची वेळच येत नाही, कारण ते आधीच घेऊन खर्च झालेले असतात. पावसाळ्यात मुकादम उचल देतो. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी पार कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब कोयत्याचा होतो, बाईचा होत नाही. अंधारात उठून मी ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढले. पण किती टन झाले आणि त्याचे किती आले, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ताप आला म्हणून कोपीवर, तिथल्या झोपडीत, पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड वर. पट्टा पडला, हंगाम संपला की गावाकडं यायचं आणि अंगावर किती राहिलं तेवढं ऐकायचं. अशा बाईच्या तोंडात ‘माझे पैसे’ हा शब्द कुठून येणार, तूच सांग.

एका गोष्टीवरून तुझं-माझं भांडण आहे, ते आधी उरकून घेते. तिशी उलटायच्या आत माझी गर्भपिशवी काढली. अंगावरून जायचं, पोटात दुखायचं. दवाखान्यात सांगितलं, ठेवलीस तर कॅन्सर होईल. आम्ही घाबरलो, उचलीत आणखी थोडी उचल घेतली आणि मोकळे झालो. आपल्याच नशिबाला असं आलं, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. मग २०१९ साली सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. एवढ्या जणींचं नशीब एकसारखं कसं असेल रे? तेव्हा तू कुठं होतास, असं विचारणार नव्हते. पण विचारलं. उत्तर सवडीनं दे.

त्यानंतर कंबर गेली. वाकलं की उठवेना. फडात मोळी डोक्यावर घेताना एकदा गुडघेच मोडले आणि मुकादमानं नवऱ्याला सांगितलं, हिला पुढच्या साली आणू नको. लोक म्हणतात मी धाडस करून ऊसतोड सोडली. बचत गटांच्या उमेद अभियानाच्या मेळाव्यात माईकवरून एक बाई तसंच बोलल्या, टाळ्याही पडल्या. तुला तर खरं माहीत आहे. मी सोडली नाही, मला काढलं. नवरा अर्धा कोयता म्हणून एकटा गेला आणि मी दोन शेळ्या घेऊन घरी राहिले. तेवढ्यात बचत गटात विचारणा झाली, गावातल्या शेळ्यांचं औषधपाणी बघणाऱ्या पशुसखीच्या प्रशिक्षणाला कोण जातंय? तरण्या सुनांना घरून सोडेनात, म्हणून माझं नाव लागलं.

देवा, तिथलं शिक्षण मात्र मला आवडलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, तेवढं पुरलं. शेळीचं अंग नुसतं हाताला गरम लागलं म्हणून ताप म्हणायचा नसतो, थर्मामीटर लावायचा. आपल्याला एकशेदोनला ग्लानी येते, शेळीची ती रोजचीच गरमी. आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचायची, कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर शेळ्या तुटून पडायच्या आत. लस बर्फाच्या डब्यात थंडच राहिली पाहिजे, नाहीतर टोचून न टोचल्यासारखीच. हे सगळं डॉक्टरांच्या हाताखाली, त्यांना विचारून. सुई धरायला मी भ्याले नाही, कोयता धरलेला हात आहे. भ्याले ती सिरिंजवरच्या बारीक रेघांना, त्या दिसेचनात. धारूरच्या बाजारातून चाळिशी आणली आणि पदराआड लपवून ठेवली. चष्मा लावून गल्लीतून गेले तर म्हणतील, बघा, मॅडम निघाल्या. म्हणालेच. आता त्या नावानंच हाक मारतात, आणि रात्री-अपरात्री मारतात.

एकदा एका मुकादमाच्या वाड्यावरून बोलावणं आलं. गाभण उस्मानाबादी शेळी, काळीभोर, रात्री दावं तोडून ज्वारीच्या पोत्याला लागलेली. डावी कूस टम्म फुगलेली, टिचकी मारली की हलगीसारखी वाजायची. मान लांब करून उभी होती, रवंथ बंद. मी डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावी होते, यायला वेळ होता. त्यांनी विचारलं तसं एकेक बघून सांगितलं, त्यांनी सांगितलं तसं करत गेले. पुढचे पाय उंच दगडावर ठेवले. गोडं तेल बाटलीत घेतलं, जबड्याच्या कडेनं बोट घातलं आणि थोडं थोडं सोडत राहिले. घाई केली की तेल श्वासनळीत उतरतं आणि शेळी पोटफुगीनं नाही, आपल्या हातानं मरते. ती गिळायची, मी थांबायची, ती गिळायची. मग कूस चोळत बसले. बराच वेळ काही नाही. वाड्यातली माणसं आपापसांत बोलायला लागली होती, हिला काय कळतंय. आणि एकदम तिनं ढेकर दिली, मोठी, घाण वासाची. तुझ्या देवळातल्या धुपाचा वास मला कधी एवढा गोड लागला नाही.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, बरोबर केलंस म्हणाले. मी हात धुतले. तेव्हा मला कुणी विचारायच्या आत मीच बोलून गेले, पन्नास रुपये झाले. मुकादम हसला. म्हणाला, देतो की, का पुढच्या उचलीत धरू?

मी म्हणाले, माझी उचल नाही आता.

एवढंच बोलले. पन्नासाची नोट त्यानं दिली. घरी येईपर्यंत माझे पाय थरथरत होते, भीतीनं का आणखी कशानं, मला उलगडलं नाही.

पण ते मुकादमाचं दार होतं. परक्याकडं, रागाच्या भरात, एकदा निघालं तोंडातून. अडतं ते शेजारी. जावेच्या करडाला जंताचं औषध पाजते, ती चहा पाजते, आणि विषय तिथंच मिटतो. म्हाताऱ्या मावशी म्हणतात, पोरी, तुझ्या हाताला गुण आहे, आणि मूठभर शेंगा पदरात टाकतात. औषध मी विकत आणलेलं असतं, बर्फाचे पैसे गेलेले असतात. अभियानाचं मानधन मिळतं तेव्हा मिळतं, त्यावर चूल पेटत नाही. मागावं तर आपलीच माणसं, न मागावं तर पुन्हा ते जुनंच, राबायचं आणि हिशेबात नसायचं. प्रशिक्षणात सांगितलं होतं, आत्मविश्वासानं बोला, समोरच्याच्या डोळ्यात बघा. सांगणाऱ्याला पगार होता.

तुझं देऊळ ज्या अहिल्याबाईंनी पुन्हा बांधून काढलं त्या शेजारच्याच, जामखेडच्या चौंडीच्या. १७२५ सालचा जन्म. नवरा गेला, सासरा गेला, मुलगाही गेला, आणि १७६७ साली कारभार हाती घेतला तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. त्या राणी, मी शेळ्यांची मॅडम, बरोबरी कशाची करते! मला त्यांच्यातली एकच गोष्ट पाहिजे. सासऱ्यानं त्यांना आधीपासून हिशेब बघायला लावला होता. वसुली करणं म्हणजे माणसं तोडणं नव्हे, हे त्यांना ठाऊक असणार. ते मला शिकव. आपल्या माणसाकडं वीस रुपये मागून पुन्हा त्याच्याच ओट्यावर हसत चहा कसा प्यायचा, तेवढं शिकव.

तुझ्या पिंडीत देवांनी धन्वंतरी आणि अमृत लपवून ठेवलं, अशी आमच्याकडं कथा सांगतात. म्हणून तू वैद्यांचा धनी. झारखंडातली माणसं म्हणतात खरा वैजनाथ त्यांच्याकडं, देवघरला. तुमचं तुम्ही बघा. मी लहानपणी आईच्या कडेवरून तुला हात लावलाय, मला तू इथलाच. तर आमचा धनी म्हणून सांगते, माझ्या हाताला यश दे, पण नको तिथं हात घालायची बुद्धी देऊ नको. अडलेलं करडू मला निघत नसलं तर वेळीच फोन करायचं शहाणपण दे, आणि तेव्हा फोनला रेंज दे.

दसरा जवळ आलाय. यंदाही गल्ली रिकामी होईल. नवरा जाईल, धाकटी जाऊ जाईल, तिची तान्ही तिच्याबरोबर फडात जाईल. त्यांची कंबर सांभाळ. त्यांच्या पोटाला कुणी उगाच हात लावू देऊ नको. जाऊबाई परवा विचारत होती, थर्मामीटर वाचायला किती दिवस लागतात? मी म्हटलं, दोन दुपारी. तिला त्या दोन दुपारी मिळू देत, उचल घ्यायच्या आधी.

आणि तिच्या करडाच्या औषधाचे मागचे चाळीस रुपये राहिलेत. उद्या मागणार आहे. तू मध्ये पडू नकोस, फक्त माझ्या बाजूला उभा राहा.