रस्त्याचा हक्क आणि स्वाराची नम्रता

रविवारी फज्रच्या नमाजनंतर कामोठ्याहून सायकली घेऊन निघालेले तरुण पनवेल ओलांडून नेरे गावाच्या रस्त्याला लागतात. पुढे हा रस्ता गाढेश्वर धरणाकडे आणि माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या धोदाणीकडे जातो. महामार्गाचा कोलाहल मागे पडतो. दोन्ही बाजूंना भातखाचरे आणि समोर डोंगर. रस्ता मात्र अरुंद. मागून मोटारीचा भोंगा वाजतो. गप्पांत रमलेले सायकलस्वार बाजू देत नाहीत, आणि मोटारचालक संतापून त्यांना घासून पुढे जातो. दोघांचेही म्हणणे एकच : ‘रस्ता माझाही आहे.’ ते खोटे नाही. पण दोघांचाही हक्क मान्य केल्यावर आधी नमावे कोणी?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत याचे उत्तर सलामच्या शिष्टाचारात सापडते. ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार वाहनावर स्वार असलेल्याने पायी चालणाऱ्यास आणि चालणाऱ्याने बसलेल्यास आधी सलाम करावा (बुखारी, मुस्लिम). यामागील हिकमत सांगताना हदीसचे भाष्यकार म्हणतात की, स्वारीमुळे माणसाच्या मनात अहंकार शिरू नये. म्हणजेच ज्याच्याकडे बळ अधिक, नम्रतेचा आरंभ त्याने करावा. सलाम ही समोरच्याला दिलेली सुरक्षिततेची ग्वाही आहे. मोटारचालकाने वेग कमी करणे, पुरेसे अंतर राखून पुढे जाणे हीच त्या ग्वाहीची कृती होय.

वाहनावर बसताना आपण जी दुआ करतो, तिचा अर्थही हाच आहे. ही स्वारी आपल्या सामर्थ्याने नव्हे, तर अल्लाहच्या कृपेने आपल्या ताब्यात आली आणि आपल्याला त्याच्याकडेच परतायचे आहे (सूरह अज्-जुखरुफ : 13-14). ही दुआ ओठांवर असताना दुर्बलाला भोंग्याने धमकावणे शोभते काय?

परंतु दुर्बलाचीही जबाबदारी आहे. तिघा-चौघांनी शेजारी-शेजारी सायकल चालवून वाट अडवणे हीदेखील इजाच आहे. प्रेषितांनी (स.) रस्त्याचे जे हक्क सांगितले, त्यांत कोणासही त्रास न देणे हा एक आहे. सायकलस्वारही पायी चालणाऱ्यापुढे स्वारच असतो. डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या भगिनीसाठी त्याने वेग आवरला पाहिजे.

हजच्या प्रसंगी अरफातहून परतताना मागे उंटांना हाकण्याचा गोंगाट ऐकून प्रेषितांनी (स.) लोकांना शांतता राखण्यास सांगितले, घाई करण्यात पुण्य नाही, असे बजावले (बुखारी). इबादतीच्या मार्गावर जी घाई मान्य नाही, ती सहलीच्या मार्गावर कशी मान्य होईल?

निर्जन रस्त्यावर पोलीस नसतो, साक्षीदार नसतो. तेथे कोणाला धक्का देऊन निघून जाणे सोपे असते. परंतु हा हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा प्रश्न आहे. ज्याचा हक्क मारला, त्याच्याकडे माफी मागून भरपाई करावी लागते. आणि मागे वळूनही न पाहता निघून गेलेल्याला तो माणूस पुन्हा कोठे भेटणार? तो हिशेब परलोकासाठी शिल्लक राहतो.

म्हणून मुलाच्या हाती सायकल देताना आणि स्वतः मोटारीची किल्ली उचलताना हा शिष्टाचार घरातच शिकवू या. बाजू देणाऱ्याला हात उंचावून सलाम करू या. अल्लाह आपल्याला रस्त्याचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.